रिलेने कधी बोलावे

बिनतारी जाळ्यात संदेश हरवण्याचे कारण दर वेळी अंतर नसते. भिंती, वाहने, झाडे यांवर आपटून आलेल्या लहरी थेट लहरीत मिसळतात. कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना मारतात. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर लांबीची. त्यामुळे टेबलावरचा अँटेना चार बोटे सरकवला तरी सिग्नल शंभरपट पडू शकतो. हेच फेडिंग.

त्यावरचा जुना इलाज म्हणजे दोन अँटेना: एक खड्ड्यात सापडला तरी दुसरा सहसा वाचतो. पण बॅटरीवरच्या चिमुकल्या सेन्सरवर दुसऱ्याला जागाच नसते. हवेत सोडलेला संदेश शेजारच्या यंत्रालाही ऐकू जातो. मग त्याचाच अँटेना उसना घ्यायचा; ऐकलेला संदेश असा पुढे पाठवणारे यंत्र म्हणजे रिले. रिलेच्या वाहिनीचे गणित व्हॅन डर म्यूलेन यांनी १९७१ मध्ये मांडले, कव्हर आणि एल गमाल यांनी १९७९ मध्ये ते पुढे नेले. फेडिंगवरचा उपाय म्हणून त्याकडे जोमाने पाहिले गेले ते २००३-०४ च्या सुमारास. लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांचा २००४ चा निबंध आजही आधी वाचावा असा आहे.

रिले दोन प्रकारे काम करतो. आलेली लहर वाढवून तशीच पुढे पाठवली तर काम सोपे, पण सोबत गोंगाटही वाढून जातो. संदेश उलगडून नव्याने पाठवला तर गोंगाट गळतो. मात्र चुकीचा उलगडलेला संदेश ठामपणे चुकीचाच पोचतो. म्हणून चेकसम, म्हणजे संदेश बिनचूक आला का हे तपासणारा आकडा, जुळला तरच रिलेने तोंड उघडावे. यातून फायदा किती, ते पाहू. प्रत्येक दुवा शंभरात एकदा तुटतो आणि तिन्ही दुव्यांचे फेडिंग स्वतंत्र आहे असे धरू. रिलेच्या वाटेवर दुवे दोन, म्हणजे ती शंभरात सुमारे दोनदा तुटेल. थेट वाट आणि ही वाट एकदम बंद पडण्याची शक्यता उरते दहा हजारांत दोन.

हा फायदा फुकट नाही. स्वतःच्या प्रक्षेपणाच्या दणक्यात क्षीण लहर ऐकू येत नाही, म्हणून साधा रिले एका वेळी एकच काम करतो: ऐकणे किंवा बोलणे. दर संदेशाला दोन पाळ्या लागतात आणि वेग निम्म्यावर येतो. सिग्नल चांगला असताना असा रिले निव्वळ अडगळ ठरतो. आलेख दाखवताना ही बाजू अनेकदा झाकली जाते. शहाणी पद्धत अशी, की आधी थेट पाठवायचे, संदेश न पोचल्याची खूण ग्राहकाकडून आली तरच रिलेने बोलायचे. दुसरी पाळी मग क्वचितच खर्च होते. रिले अनेक असतील तर ज्याचा कमकुवत दुवा त्यातल्या त्यात बळकट, त्याला निवडावे.

मोबाइलच्या मानकांत रिले आला, एलटीई-ॲडव्हान्स्डच्या रिलीज १० मध्ये आणि पुढे ५जीच्या रिलीज १६ मध्येही. पण तिथे तो बहुतांशी टप्प्याटप्प्याने संदेश पुढे नेणारा छोटा मनोराच आहे. थेट आलेली प्रत आणि रिलेची प्रत ग्राहकाने एकत्र करणे त्यात सहसा नसते, कारण त्यासाठी लागणारा वेळेचा मेळ आणि इशाऱ्यांची देवाणघेवाण महाग पडते.