एक शनिवार, चार कवी आणि ड्राफ्ट्समधला मेल

लंडनहून परत आलं की ऑफिसमधले ठरलेले प्रश्न सुरू होतात. ‘लंडन आय’वर बसलीस का? बिग बेनसमोर फोटो काढलास का? ऑक्सफर्ड स्ट्रीटवर किती पौंड उडवलेस? माझी उत्तरं ऐकून सगळ्यांचे चेहरे पडतात. कारण माझा एक अख्खा शनिवार मी घालवला तो चार मेलेल्या कवींबरोबर. आणि खरं सांगू? चार महिन्यांच्या ऑनसाइटमधला तोच दिवस सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय.

घाबरू नका, हे लिटरेचरचं लेक्चर नाही. एमबीए करण्याआधी मी इंग्रजी घेऊन बीए केलं होतं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कविता आम्ही बहुतेक गाइडमधूनच शिकलो. ‘प्रेम आणि मृत्यू यांचे चित्रण, सोदाहरण लिहा, दहा गुण.’ लिहिलं, पास झालो, विसरलो. पण या कवींनाही नोकऱ्या होत्या, बॉस होते, बॉसची मर्जी सांभाळायची होती आणि ती गेली की कधी नोकरी तर कधी थेट मुंडकं जायचं, हे काही गाइडमध्ये नव्हतं.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशी माझ्या फोनच्या ड्राफ्ट्समध्ये बाबांना लिहिलेला एक मेल पडून होता. तीन आठवड्यांपासून. त्याबद्दल पुढे सांगतेच.

सकाळ : टॉवर

टॉवर हिल स्टेशनमधून बाहेर आलं की समोरच टॉवर ऑफ लंडन. गर्दी असते ती कोहिनूर जडवलेला मुकुट बघायला. मी मात्र आधी ब्लडी टॉवरच्या पायऱ्या चढले. नाव भयंकर असलं तरी आत चक्क एक अभ्यासिका मांडलेली आहे. इथे वॉल्टर रॅले १६०३ ते १६१६ अशी तेरा वर्षं कैदेत होता.

रॅले म्हणजे पहिल्या एलिझाबेथ राणीचा लाडका सरदार. खलाशी, सैनिक आणि कवीसुद्धा. त्याने राणीच्याच एका सखीशी, बेस थ्रॉकमॉर्टनशी, गुपचूप लग्न केलं. १५९२ मध्ये राणीला ते कळलं आणि नवरा-बायको दोघांची रवानगी टॉवरमध्ये! त्यातून सुटला, पण पुढच्या राजाने, पहिल्या जेम्सने, राजद्रोहाच्या आरोपाखाली त्याला पुन्हा आत टाकलं. देहदंडाची शिक्षा डोक्यावर लटकत असताना हा माणूस जगाचा इतिहास लिहायला बसला आणि १६१४ मध्ये तो छापलाही गेला. आपल्याला अप्रेझल पुढे ढकललं गेलं तरी कामात लक्ष लागत नाही!

याच टॉवरमध्ये त्याच्याआधी चिडिऑक टिचबोर्न नावाचा एक तरुण होता. राणीला मारून स्कॉट्सच्या मेरीला गादीवर बसवण्याच्या कटात तो सापडला. २० सप्टेंबर १५८६ ला त्याला हाल करून मारलं. त्याआधी बायकोला, ॲग्नेसला, पाठवलेल्या पत्रातून त्याने एक छोटी कविता लिहिली. तिच्यातले जवळपास सगळे शब्द एकाच अवयवाचे आहेत. पहिलीतल्या पोरालाही वाचता येतील असे. तारुण्य सुरू व्हायच्या आतच संपलं, एवढंच ती सांगते. बीएला असताना मी तिच्यावर ‘विरोधाभास’ असा शेरा मारला होता. आता टॉवरच्या हिरवळीवर, कावळ्यांच्या शेजारी उभी राहून ती मोबाइलवर वाचली, तेव्हा पुढची दहा मिनिटं काही सुचलं नाही.

त्या काळी सरदारदरकदार कविता छापायचे नाहीत. हाताने उतरवून काढलेल्या प्रती या मित्राकडून त्या मित्राकडे फिरायच्या. आपल्या फॉरवर्डसारखंच. फक्त चुकीच्या माणसाच्या हातात पडलं तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची सोय नव्हती.

दुपार : वेस्टमिन्स्टर आणि व्हाइटहॉल

टॉवर हिलहून ट्यूबने थेट वेस्टमिन्स्टर. पार्लमेंटच्या आवारातल्या ओल्ड पॅलेस यार्डमध्ये २९ ऑक्टोबर १६१८ ला रॅलेचं शिर उडवलं. सोन्याच्या शोधात त्याला दक्षिण अमेरिकेत पाठवलं होतं, सोनं काही मिळालं नाही आणि पंधरा वर्षांपूर्वीची जुनी शिक्षा अमलात आली. कुऱ्हाडीची धार बोटाने तपासून त्याने विनोद केला म्हणतात. पलीकडच्या सेंट मार्गारेट चर्चमध्ये त्याला पुरलं. त्याचं शिर बेसने जपून ठेवलं, असं सांगितलं जातं. लग्नाची एवढी किंमत मोजलेली बाई. तिच्या कविता नाहीत, पण मला सारखी तीच आठवत होती.

तिथून पाच-सात मिनिटांवर व्हाइटहॉलमधलं बँक्वेटिंग हाउस. ३० जानेवारी १६४९ ला याच इमारतीसमोर पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला. थंडीने अंग थरथरलं तर लोकांना वाटेल राजा भ्यायला, म्हणून त्याने दोन सदरे घातले होते. पुढच्याच वर्षी अँड्र्यू मार्व्हेलने क्रॉमवेलच्या गौरवासाठी एक ओड लिहिली. म्हणजे जिंकलेल्या माणसासाठी. पण गंमत बघा, तिच्यातल्या सगळ्यात सुंदर ओळी आहेत त्या वधस्तंभावर शांतपणे डोकं ठेवणाऱ्या राजाबद्दल. कवी नक्की कोणाच्या बाजूचा, यावर आजही वाद घालतात. मार्व्हेल गेल्यावर १६८१ मध्ये त्याच्या कवितांचं पुस्तक निघालं, तेव्हा तोवर राजेशाही परत आली होती. छापून झालेली ही ओड जवळपास सगळ्या प्रतींतून काढून टाकण्यात आली. दोन्ही बाजूंचं खरं बोलणारा माणूस कुठल्याच बाजूला फार काळ परवडत नाही. कोणत्याही ऑफिसात विचारा.

संध्याकाळ : स्ट्रँड ते सेंट पॉल्स

आता माझा फेव्हरिट. जॉन डन, जन्म १५७२. हुशार, देखणा, कर्जबाजारी. सर टॉमस एजर्टन या बड्या अधिकाऱ्याचा सेक्रेटरी म्हणून त्याला झकास नोकरी लागली होती. करिअर सुसाट. आणि हा पठ्ठ्या प्रेमात पडला तो बॉसच्या बायकोच्या भाचीच्या, ॲन मोरच्या. डिसेंबर १६०१ मध्ये दोघांनी चोरून लग्न केलं. घरी सांगायला फेब्रुवारी उजाडला. तेही पत्राने. आणि ते पत्र सासऱ्यांकडे घेऊन गेला नॉर्थंबरलंडचा अर्ल, डन स्वतः नाही!

सासरेबुवा भडकले. डनची नोकरी गेली आणि तो फ्लीट तुरुंगात गेला. लग्न लावणारा पाद्री आणि साक्षीला असलेला मित्र, तेही आत. हे वाचताना मला आमच्या लग्नाच्या रजिस्टरवर सह्या करणारे तीन मित्र आठवले आणि पोटात गोळा आला.

हो. तोच तो ड्राफ्ट. आम्ही दोघांनी मार्चमध्ये पुण्यात रजिस्टर लग्न केलं. जात वेगळी, बाबांचा नकार ठरलेला, म्हणून ‘योग्य वेळ’ आल्यावर सांगू असं ठरवलं. मग मी ऑनसाइटला आले आणि योग्य वेळ साडेचार तास आणखी लांब गेली.

डनचं लग्न पुढे कायदेशीर ठरलं, पण नोकरी काही परत मिळाली नाही. १६१५ मध्ये धर्मोपदेशक होईपर्यंत तो इकडेतिकडे आश्रयदाते शोधत राहिला. घरात मुलांवर मुलं. १६१७ मध्ये बाराव्या बाळंतपणात ॲन गेली, जेमतेम तेहतिशीत. स्ट्रँडवरच्या सेंट क्लेमंट डेन्समध्ये तिला पुरलं होतं. आजची इमारत नंतरची आहे, तिच्या थडग्याची खूण उरलेली नाही. मी बाहेरच्या पायरीवर बसून सँडविच खाल्लं आणि पुढे निघाले.

फ्लीट स्ट्रीट संपता संपता डावीकडे फॅरिंग्डन स्ट्रीट लागतो. फ्लीट तुरुंग इथलाच. तिथून लडगेट हिलचा चढ आणि समोर सेंट पॉल्सचा घुमट. या कॅथीड्रलभोवतीचा परिसर म्हणजे तेव्हाचं पुस्तकांचं मार्केट. बॅलड्सही इथल्या गल्ल्यांतून विकली जायची. एका बाजूला छापलेला कागद, वर लाकडी ठशाचं चित्र, किंमत साधारण एक पेनी आणि ‘अमुक चालीवर म्हणावे’ अशी सूचना. विकणारा आधी गाऊन दाखवायचा. विषय? फसलेलं प्रेम, खून, फाशी, राजकारण. सॅम्युअल पेपिसने जमवलेली अठराशेच्या वर बॅलड्स आजही केंब्रिजमध्ये आहेत. दरबारातल्या कविता हाताहाती फिरत होत्या, तेव्हा रस्त्यावरची जनता हे गात होती.

आत गेल्यावर दक्षिणेकडच्या बाजूला डन उभा आहे. संगमरवरी, कफन गुंडाळलेला, डोळे मिटलेले, पायाखाली अस्थिकलश. १६२१ पासून तो या कॅथीड्रलचा डीन होता. मरण जवळ आल्यावर त्याने कफन पांघरून स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि ते पलंगाशेजारी ठेवलं, असं त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतो. ३१ मार्च १६३१ ला तो गेला. निकोलस स्टोनने पुतळा घडवला. १६६६ च्या आगीत जुनं सेंट पॉल्स खाक झालं, पण हा पुतळा वाचला. कलशावर आगीचे डाग अजून दिसतात. त्याच्या बहुतेक कविता छापल्या गेल्या त्या १६३३ मध्ये, त्याच्या मागे.

मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. सासऱ्यांना लिहिलेल्या पत्रात डनने फार हुशारी केली होती. झालं ते झालं, आता ते बदलता येणार नाही, असा मुद्दा मांडला होता. बरोबरच होता. पण त्याने राग शांत झाला नाही. मी फोन काढून माझा मेल उघडला. सहा परिच्छेद, कायदा, पगार, मुद्देसूद युक्तिवाद. प्रेझेंटेशनच म्हणा ना. ‘बाबा, मला तुमची भीती वाटते’ हे वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

इव्हनसाँग ऐकून बाहेर आले तेव्हा सहा वाजत आले होते. म्हणजे तिकडे साडेदहा. ड्राफ्ट डिलीट केला आणि फोन लावला. दुसऱ्या रिंगलाच उचलला.

‘जेवलीस का?’ बाबांनी विचारलं.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘आधी माझं थोडं ऐकता?’

जाणार असाल तर...

टॉवर उघडायच्या वेळेलाच गाठा, नाहीतर रांगेत अर्धा दिवस जातो. टॉवर आणि सेंट पॉल्स दोन्हीकडे तिकीट लागतं. वेळा वेबसाइटवर आधी बघून ठेवा. इव्हनसाँगला मात्र तिकीट नाही. वेस्टमिन्स्टर ते सेंट पॉल्स हे अंतर साधारण तीन किलोमीटर आहे, ते चालतच करा. बूट आरामशीर हवेत. छत्री हवीच. आणि कोणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर फोन चार्ज करून निघा.