कुऱ्हाडीचं पाणी

मराठी भाषेचं कुऱ्हाडीविषयीचं मत काही फारसं चांगलं नाही. नोकरी जाते तेव्हा ती नुसती जात नाही, तिच्यावर कुऱ्हाड कोसळते. अंदाजपत्रकात एखाद्या खात्याचे पैसे कमी झाले, की वर्तमानपत्रात कुऱ्हाडीचा मथळा ठरलेला. शहाणा माणूस वेड्यासारखा वागला तर तो स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतो, आणि घरचाच माणूस घरावर उलटला तर कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! खुद्द परशुराम नावातच कुऱ्हाड घेऊन वावरतो. पण त्यानं समुद्र हटवून कोकण निर्माण केलं ते बाणानं, असं सांगून तिथंही बरेच जण श्रेय बाणाला देऊन मोकळे होतात. एवढी बदनामी विळीची नाही, अडकित्त्याची तर नाहीच नाही.

आणि गंमत म्हणजे हे सगळे वाक्प्रचार वापरणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी कुऱ्हाड हातात धरलेली नसते. मी धरली आहे. एवढंच नव्हे, तर तिला धारही लावली आहे. म्हणून तिच्या वतीनं दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

माझी कुऱ्हाड घिसाडी लोहारांची. गावाच्या वेशीवर, रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेली ही मंडळी तुम्ही एसटीच्या खिडकीतून नक्की पाहिली असतील. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरून ऐरणीशी बसलेला असतो आणि बायको उभी राहून त्यावर घणाचे घाव घालत असते. संसारात याहून जास्त परस्पर-विश्वास मी दुसरीकडे पाहिलेला नाही. कच्चा माल बहुधा भंगारात निघालेल्या ट्रकच्या कमानीचा पाटा. पोलाद उत्तम, आपल्या रस्त्यांवरचे खड्डे पचवलेलं. कुऱ्हाडीची किंमत ३५० रुपये. माझ्या पुढच्या गिऱ्हाइकानं "पन्नास कमी करा" म्हणून पाहिलं. बाईंनी घण खाली न ठेवताच "परवडत न्हाई, दादा" म्हणून सांगितलं. हातात घण असलेल्या माणसाशी किती वेळ घासाघीस करायची यालाही काही मर्यादा असते. दादांनी मुकाट्यानं पैसे काढले; पण जाता जाता "जरा पटकन करा हो" एवढं म्हणून घेतलंच.

'घिसाडघाई' हा शब्द या लोहारांवरूनच आला असं म्हणतात. उरकून टाकलेल्या कामाला आपण तो वापरतो. पण तिथं अर्धा तास उभं राहिल्यावर मला त्या शब्दाची लाज वाटू लागली. भट्टीतून काढलेलं लोखंड लाल राहतं ते काही क्षण. तेवढ्यात घाव बसले तर बसले. लोखंड काळं पडलं की पुन्हा भट्टीत, पुन्हा भाता. तिथं सावकाशीनं काम करणारा माणूस लोखंड नुसतं गरम करत बसेल. ती घाई लोखंडाची आहे, लोहाराची नव्हे. हां, एक मात्र खरं. एवढ्या किमतीत ते कुऱ्हाड घडवून देतात. उरलेलं सावकाशीचं काम आपल्यावर सोडतात. पूर्वी गावात ही कटकट नव्हती. लोहार धार लावायचा, सुतार दांडा बसवायचा आणि सुगीला दोघं आपापलं बलुतं घेऊन जायचे. आता बाराही बलुतेदारांची कामं आपली आपणच करायची.

माझ्या कुऱ्हाडीचं ते काम राहून राहून तिनं गॅलरीत चार पावसाळे काढले. रंग गुळासारखा झाला, दांड्याला भुंगे लागले. मग एका जूनमध्ये सोसायटीतल्या आंब्याची फांदी वाऱ्यानं मोडून पडली. ओलं लाकूड तासायला मऊ असतं, त्याचा एक डाव करावा असं मनात आलं. कुऱ्हाड घेऊन खाली उतरलो, तर सेक्रेटरी धावतच आले. म्हणाले, "अहो साहेब, १९७५ चा कायदा आहे! शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही." मी म्हटलं, "झाड वाऱ्यानं तोडलंय, मी फक्त फांदी उचलतोय." त्यांनी कुऱ्हाडीकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. "हिनं काय तुटणार आहे म्हणा!" असं म्हणून ते परत गेले. हा अपमान माझा नव्हता, कुऱ्हाडीचा होता. पण मला तो लागला.

पहिलं काम दांडा काढायचं. दुसरं, पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं. गंज सुटतो, मग तारेच्या ब्रशनं घासायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं आणि लगेच कोरडं करून तेलाचं बोट फिरवायचं. सकाळी हिनं बादलीत डोकावून विचारलं, "अहो, हे कसलं लोणचं?"

शेजारचे काका ग्राइंडर घेऊन आले. दोन मिनिटांत धार करून देतो म्हणाले. मी हात जोडले. कारण धार म्हणजे नुसतं पातळ लोखंड नव्हे. लोहार लाल पातं पाण्यात बुडवतो, त्याला 'पाणी देणं' म्हणतात. त्यानं पोलाद कठीण होतं. पाणी जास्त झालं तर धार काचेसारखी ठिसूळ, कमी झालं तर मऊ. ग्राइंडरवर पात्याची कड तापून निळी पडली, की हे पाणी उतरलं म्हणून समजावं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. माणसांचंही असंच होतं; पण तो विषय वेगळा.

म्हणून कानस. पाणी आहे की नाही हेही कानसच सांगते: काचेवरून घसरावी तशी घसरली तर पातं फार कठीण, लोण्यात शिरावी तशी शिरली तर फार मऊ, कुरकुरत थोडं थोडं कापू लागली तर बरोबर. माझी कुरकुरली. पातं शिकंज्यात पकडायचं, हातमोजे घालायचे, कानस पुढं नेताना दाबायची, मागं आणताना उचलायची. कोन किती? कागदाचा काटकोनी कोपरा सारख्या तीन घड्यांत दुमडला की ३० अंश होतात. तासकामाच्या कुऱ्हाडीला दोन्ही बाजू मिळून तेवढे पुरतात. एका बाजूनं घासता घासता पलीकडे बारीक कड वळून येते, ती बोटाला लागली की बाजू बदलायची. मग ओला दगड, शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर उलटं पातं ओढायचं. दोन संध्याकाळी गेल्या. धार बघायला वर्तमानपत्राचं पान हातात धरलं आणि पातं लावलं. मथळा सरळ कापला गेला. त्यात बहुतेक कुणाच्या तरी खर्चावर कुऱ्हाड होती.

दांडा बाभळीचा. दांड्याच्या टोकाला दिसणाऱ्या रेषा पात्याच्याच दिशेनं धावल्या पाहिजेत, आडव्या असल्या तर एक दिवस घाव घालताना दांडा मोडतो. वरून पाचर ठोकायची. सैल झाला म्हणून पाण्यात भिजत घालायचा नाही. तो फुगतो, आतल्या आत चेपतो आणि वाळला की आधीपेक्षा सैल होतो. शेवटी अळशीचं तेल. तेलाचा बोळा मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये; तो वाळताना स्वतःच तापतो आणि पेटूही शकतो. उघडा पसरून वाळवावा.

यानंतर डाव झाला. बोथट कुऱ्हाड लाकडावरून उसळते आणि नडगी शोधते. धारदार कुऱ्हाड जिथं ठेवाल तिथंच बसते. म्हणजे भिण्यासारखी असते ती बोथट! एवढी साधी गोष्ट आपल्या एकाही वाक्प्रचारात नाही.

डाव आमटीत पोचला आणि बातमी इमारतीत पसरली. आता दर रविवारी माझ्या दाराशी विळ्या येतात, अडकित्ते येतात, एकदा तर शिंप्याची कात्री आली. बलुतं म्हणून कुणी वाटीभर शेंगदाण्याची चटणी देतं, कुणी नुसतंच "वा!" म्हणतं. सेक्रेटरीही परवा विळी घेऊन आले. म्हणाले, "साहेब, जरा पटकन करून द्या हो."

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी. घाई लोहारानं कधीच करून टाकलीय."