मृगाआधीचे टायर

मृग तोंडावर आला. त्याआधी गाडीचे टायर बदलायलाच हवेत. नक्षी झिजून तळाच्या खुणेला टेकत आलीय. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर, पण आंबोलीच्या पावसात तेवढ्यावर विसंबणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. खोबणींतून पाणी बाहेर फेकलं गेलं नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक नावापुरता उरतो.

कुडाळच्या दुकानात दोन पर्याय समोर होते. साइज तीच, 235/60 आर 18. म्हणजे टायरची बाजूची भिंत 141 मिलिमीटर. एकाची भिंत ताठ: करूळ घाटात स्टिअरिंग वळवलं की गाडी लगेच ऐकणार. दुसऱ्याची मऊ: गावच्या रस्त्याचे खड्डे मुकाट गिळणार. दुकानदार हसून म्हणाला, “ताठ टायर घाटात बरो, पण मागे बसलेली आवस गाळी घालतली.”

खरंय. (जाहिरातीत कुणाचीच आई मागच्या सीटवर नसते.) घाट कधीमधी, जांभ्याची खडी मात्र रोजची. देवबागकडे डांबरावर वाळू येते, तिथे ताठपणाची ऐट चालतच नाही.

मऊच घेतले, पण खोल आणि रुंद खोबणींचे. भिंतीवरचे चार आकडे आधी वाचले: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. किनाऱ्यावरच्या उन्हात रबर न धावताही म्हातारं होतं. हवा दाराच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच ठेवणार. आणखी मऊपणासाठी ती कमी केली की कडा झिजतात.

अलाइनमेंट उद्या. स्टेपनी जुनीच राहू दे.