एंटरप्राइजची डावी बाजू

कॅप्टन कर्कचा शर्ट पिवळा नाही. 'स्टार ट्रेक' पाहिलेल्या कुणालाही विचारा, तो सोनेरी पिवळाच सांगेल, आणि पडद्यावर तो दिसतोही तसाच. पण वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी त्यासाठी निवडलेलं वेलोर कापड हिरवट होतं, कच्च्या लिंबाच्या सालीच्या जवळ जाणारं. स्टुडिओतले प्रखर दिवे आणि फिल्म यांतून जाताना त्यातला हिरवा हरवायचा, पिवळा उरायचा. याच कप्तानाचा आणखी एक, बाजूला गुंडाळून घालायचा अंगरखा होता. त्याचं कापड वेगळं, म्हणून तो हिरवाच दिसे. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं की कप्तानाकडे दोन रंगांचे गणवेश आहेत.

हे वाचलं तेव्हा मला फारसा धक्का बसला नाही. मी कर्कच्या त्या एंटरप्राइज यानावरचा प्रत्येक शर्ट आधी राखाडीच पाहिला होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. १९८२च्या एशियाडच्या निमित्तानं देशात रंगीत प्रक्षेपण आलं होतं खरं, पण ते पुण्यातल्या आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत शिरायला बरीच वर्षं गेली. टीव्ही होता शेजारच्या काकांकडे, लाकडी खोक्याचा, सरकत्या शटरचा, कृष्णधवल. काकांना कृष्णधवल हा शब्द मान्य नव्हता. त्यांनी पडद्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद लावला होता, वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. निसर्गदृश्य असेल तर आभाळ आणि गवत बरोबर जागी पडायचं. बाकी वेळी वृत्तनिवेदिकेचं कपाळ निळं आणि पदर हिरवा. मिस्टर स्पॉक उभा राहिला की निळा व्हायचा, खुर्चीत बसला की तांबूस, आणि मार खाऊन जमिनीवर पडला की हिरवा. त्याचं रक्त हिरवं असतं, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर काकांच्या कागदाला आम्ही जरा जास्त मान दिला असता.

मालिका इंग्रजीत होती आणि आमचं इंग्रजी शाळेतलं. त्यामुळे गोष्ट आम्ही आपापसांत रचायचो. टोकदार कानांचा स्पॉक तो मंत्री, चिडका तो वैद्य, आणि जो सारखा इंजिनाची तक्रार करतो तो गॅरेजवाला. माणसं चमचमत विरघळून दुसऱ्या ग्रहावर उगवायची, ते तर भाषेशिवायच कळायचं. एक फायदा मात्र आम्हाला झाला, जो अमेरिकेतल्या मुलांना मिळाला नाही. लाल शर्ट घालून ग्रहावर उतरणारा बिनमहत्त्वाचा माणूस हमखास मरतो, हा तिकडे पुढे चेष्टेचा विषय झाला. आमच्या पडद्यावर लाल, निळा, पिवळा सगळेच राखाडी. कोण मरणार हे आम्हाला शेवटपर्यंत कळत नसे.

यातली गंमत अशी की ही मालिका रंगासाठीच जन्माला आली होती म्हटलं तरी चालेल. ८ सप्टेंबर १९६६ला ती सुरू झाली ती एनबीसी वाहिनीवर, आणि एनबीसीची मालक होती आरसीए, म्हणजे रंगीत टीव्ही विकणारी कंपनी. रंग ओतून भरलेली मालिका तिला हवीच होती. छायालेखक जेरी फिनरमन राखाडी रंगवलेल्या भिंतींवर जांभळा, हिरवा, लाल उजेड टाकायचे आणि एकच भिंत दर आठवड्याला नवी दिसायची. परग्रहाचं आभाळ म्हणजे मागे ताणलेला पडदा आणि त्यावर पाडलेला रंगीत प्रकाश. नवा ग्रह बांधण्यापेक्षा दिव्यावरचा रंगीत कागद बदलणं स्वस्त. हा सगळा खटाटोप आमच्यापर्यंत येईतो पुसला गेलेला असायचा.

पुढे नव्वदच्या सुमारास आतेभाऊ अमेरिकेहून आला तो एक व्हिडिओ कॅसेट घेऊन. कॅसेट 'द केज'ची, म्हणजे १९६४च्या अखेरीस चित्रित झालेल्या पहिल्या, नमुन्याच्या भागाची. वाहिनीला तो फार बौद्धिक वाटला आणि तिनं तो नाकारून दुसरा मागितला. एव्हाना आमच्याकडे रंगीत टीव्ही होता, व्हीसीआर भाड्यानं आणला, घरातले सगळे जमले. तर काय, टेप अमेरिकी एनटीएससी पद्धतीची आणि यंत्र आपल्याकडच्या पाल पद्धतीचं. चित्र वरून खाली घरंगळत राहिलं आणि रंगाचा पत्ता नाही. त्यात कप्तान भलताच. "हा कर्क नाहीच," म्हणून बहीण उठून गेली. बरोबर होतं तिचं. त्या भागात जेफ्री हंटर या नटानं पाइक नावाचा कप्तान केला होता. ओळखीचा एकटा स्पॉक, आणि तोही एका ठिकाणी चक्क हसतो.

त्या टेपची खरी कथा मला नंतर समजली. पहिल्या वर्षी भाग वेळेत पुरे होईनात, तेव्हा या नाकारलेल्या भागाची निगेटिव्ह कापून तिच्यातली दृश्यं 'द मिनॅजरी' या दोन भागांच्या कथेत बसवली गेली. उरलेले रंगीत तुकडे हरवले असं सगळे धरून चालले. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांच्याजवळ एक कृष्णधवल प्रत तेवढी होती. म्हणून १९८६ साली कॅसेट निघाली ती धेडगुजरी, 'मिनॅजरी'त वापरलेली दृश्यं रंगीत आणि बाकीची कृष्णधवल. पुढच्याच वर्षी हरवलेले रंगीत तुकडे सापडले आणि १९८८मध्ये पूर्ण भाग रंगीत दिसला. अमेरिकेतला प्रेक्षक घटकेत रंगीत, घटकेत करड्या होणाऱ्या त्या टेपवर हळहळला असेल. आमच्या व्हीसीआरनं सगळ्यांना समान न्याय दिला.

याच भागात हिरव्या कातडीची एक नर्तकी आहे. रंगभूषा तपासायला आधी थोडं चित्रण केलं, तर प्रयोगशाळेतून फिल्म परत आली ती नेहमीच्या गोऱ्या कातडीची. रंगभूषाकारानं आणखी गडद हिरवा फासला, तरी तेच. शेवटी उलगडा झाला की प्रयोगशाळेतले लोक बिचारे रात्री बसून तो 'बिघडलेला' हिरवा रंग इमानानं दुरुस्त करत होते.

मालिका खऱ्या अर्थानं हाती आली ती २००४च्या डीव्हीडी संचांमुळे. तीन वर्षांच्या तीन प्लास्टिकच्या पेट्या, एक पिवळी, एक निळी, एक लाल. गणवेशाचे रंग पेट्यांनीच सांगून टाकले. एकूण ७९ भाग. इंग्रजी आता समजत होतं आणि खाली अक्षरंही येत होती, त्यामुळे आम्ही लहानपणी रचलेल्या गोष्टी एकेक करून कोसळत गेल्या. काही आमच्याच चांगल्या होत्या, हे मी आजही म्हणेन. तिसऱ्या वर्षाचे कित्येक भाग तर आवाज बंद करूनच पाहावेत.

'स्पेस सीड' मात्र कानांनी ऐकायचा भाग. गोठवलेल्या झोपेतून दोनशे वर्षांनी जागा झालेला हुकूमशहा, नाव खान नूनियन सिंग. वाड्यात हे नाव ऐकू आलं तेव्हा काका ताठ बसले होते. आपला माणूस! यानावरची इतिहासतज्ज्ञ त्याच्याकडे पाहून अंदाज करते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा. दाढी नाही, पगडी नाही. पगडी येते ती तिनं रंगवलेल्या त्याच्या चित्रात. भूमिका करणारे रिकार्दो मोन्ताल्बान मूळचे मेक्सिकोचे. यानाच्या नियंत्रणकक्षात जपानी वंशाचा सुलू, आफ्रिकी उहुरा, दुसऱ्या वर्षापासून रशियन चेकॉव्ह असे सगळे बसवणाऱ्या मालिकेनं भारताच्या वाट्याला मुख्य म्हणून दिला तो हा खलनायक. एका भागात लेफ्टनंट सिंग म्हणून एकजण येतो, पण तो लाल शर्टातला, बिनमहत्त्वाचा. तरीही मला खान आवडतो. तो मिल्टनच्या सैतानाचा दाखला देत हद्दपारी पत्करतो, आणि १९८२च्या चित्रपटात सूड घ्यायला परत येतो. कथेनुसार त्यानं १९९२ ते १९९६ अशी चार वर्षं पृथ्वीच्या पाव भागावर राज्य केलं. वाड्यात पाहिलं तेव्हा हा भविष्यकाळ होता. डीव्हीडीवर पाहताना लक्षात आलं, खान पदच्युत झाला त्या वर्षी मी नोकरीला लागलो होतो.

त्यानंतर आली ब्लू-रे. २००६पासून मूळ ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून सगळे भाग नव्यानं उतरवून घेतले गेले, अंतराळातली दृश्यं संगणकावर नव्यानं केली गेली, आणि तबकडीवर सोय ठेवली की रिमोटचं बटण दाबून जुनी की नवी दृश्यं पाहायची ते तुम्ही ठरवा. हे फार सभ्यपणाचं झालं. जुनं पुसून नवं माथी मारणारे कमी नाहीत.

आणि मग दिसू लागलं. निगेटिव्हमध्ये सगळं पहिल्यापासून होतं. साठच्या दशकातल्या छोट्या, गुबगुबीत काचेच्या पडद्यावर ते दिसणार नाही याची करणाऱ्यांना खात्री होती, एवढंच. खानाशी मारामारी करणारा कर्क हा कर्क नसून दुसराच कुणी आहे, हे आता चष्म्याशिवाय कळतं. खडकांच्या कडा, टोपांच्या शिवणी, प्लायवूडचे सांधे. आपोआप सरकणारी दारं पलीकडून माणसं ओढत होती; ती अर्धा क्षण उशिरा हलली की मला आता त्या माणसाची डुलकी दिसते. डॉक्टरांची शस्त्रक्रियेची अवजारं म्हणजे मिठाच्या डब्या. 'द मॅन ट्रॅप' या भागात मीठ खाणारा प्राणी आहे, त्यासाठी झोकदार डब्या आणल्या. त्या मिठाच्या म्हणून ओळखू येईनात, म्हणून दवाखान्यात गेल्या. माणसं विरघळण्याची ती चमचम म्हणजे झगझगीत उजेडात खाली सोडलेली ॲल्युमिनियमची पूड. ती युक्तीसुद्धा काटकसरीतून निघाली. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं.

माझी मुलगी नव्या दृश्यांच्या बाजूची. नवं यान सफाईनं वळतं, ग्रहांवर ढग असतात. मला ते बघवत नाही. सुतार, शिंपी, रंगारी यांनी उभारलेल्या घरात मधेच कुणी चकचकीत फरशी बसवावी तसं होतं. यावर आमचं कधी एकमत झालेलं नाही, आणि रिमोट बहुतेक तिच्याच हातात असतो.

'द डेव्हिल इन द डार्क'पुढे मात्र ती गप्प झाली. खाणीत कामगारांना जाळून मारणारा हॉर्टा नावाचा प्राणी, देह सिलिकॉनचा, म्हणजे दगडाचाच भाऊ. यानोस प्रोहास्का यांनी स्वतः बनवलेल्या पोशाखात शिरून जमिनीवर रांगत तो केला. वाड्यातल्या पडद्यावर तो नुसता काळा ढीग होता आणि आम्ही पाय वर घेऊन बसलो होतो. ब्लू-रेवर तो नारिंगी-तपकिरी, आणि खाली माणूस रांगतोय हे स्पष्ट कळतं. मुलगी आधी पोट धरून हसली. मग कळतं की खाणकामगार जे गोळे फोडत सुटलेत ती हॉर्टाची, म्हणजे एका आईची, अंडी आहेत, आणि स्पॉक त्या रबराच्या ढिगाला हात लावून तिच्या वेदनेनं ओरडतो. हसू थांबलं. या एका भागापुरतं मी काकांचा कृष्णधवल टीव्ही सरस ठरवत होतो. मुलीचा चेहरा पाहून तो निकाल राखून ठेवला आहे.

एंटरप्राइजची मूळ प्रतिकृती, मॅट जेफरीज यांच्या आराखड्यावरून बनवलेली, अकरा फूट लांब, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. १९७४पासून ती त्यांच्याकडे. मधली काही वर्षं तर ती तळघरातल्या दुकानात, खेळणी आणि टी-शर्ट यांच्यामध्ये होती. २०१६मध्ये डागडुजी करून ती मुख्य दालनात आणली, जिथे वर लिंडबर्गचं विमान टांगलेलं आहे. आतेभावाबरोबर तिथे गेलो तेव्हा काचेच्या पेटीच्या उजव्या अंगाला फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. मी वळसा घालून डाव्या अंगाला गेलो. चित्रीकरण नेहमी उजव्या बाजूनं व्हायचं, कारण दिव्यांच्या वायरी डावीकडून आत जात. म्हणून डावी बाजू कुणी पुरी केलीच नाही. तिकडून यान दाखवायचं झालं तर अक्षरं उलटी चिकटवून चित्र घ्यायचे आणि फिल्म पालटायचे.

"अरे, तिकडे काही नाहीये, इकडे ये," आतेभाऊ म्हणाला, आणि शेवटी स्वतःच आला. तो इलेक्ट्रिकल इंजिनिअर. साठच्या दशकातले बल्ब किती तापत असतील, आतलं लाकूड जळलं कसं नाही, वायरी कुठून खेचल्या असतील, यावर तो जो सुरू झाला तो संग्रहालय बंद व्हायची घोषणा होईपर्यंत.