बुडालेले गाव आणि बाहुल्यांचा चित्रपट

उजनीचे पाणी आमच्या गावावर चढले, त्यास चाळीस वर्षे उलटून गेली. परवा नातवासमवेत आम्ही टिम बर्टन यांचा २०१२ सालचा ‘फ्रँकनविनी’ हा कृष्णधवल चित्रपट पाहिला. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या नाचविल्या, त्याच युक्तीने येथे बाहुल्या तिळतिळ हलवून एकेक चित्र टिपिले आहे. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या भयपटास ते वंदनच होय. एक बालक आपल्या मृत कुत्र्यास विजेने उठवितो. तो पुन्हा मरतो, तेव्हा भ्यालेले गावकरीच आपल्या मोटारींची वीज देऊन त्यास जिवंत करितात.

नातू म्हणाला, “आजोबा, तुमचे गाव असे उठेल का हो?”

उन्हाळ्यात पळसदेवच्या देवळाचे शिखर पाण्याबाहेर येते, तशी आमच्या घरांचीही जोती उघडी पडतात. परंतु वीज देणारे गावकरी दाही दिशांस पांगले. आम्ही एवढेच म्हणालो, “बाळ, येत्या वैशाखासाठी सर्वांस पत्रे लिहू.”