नासपतींची चोरी

रात्र बरीच उलटल्यावर पोरांच्या टोळक्याने शेजारच्या बागेतलं नासपतीचं झाड हलवलं, ओझंभर फळं लुटली, एखाददुसरं चाखलं आणि बाकीची डुकरांपुढे फेकली. ही गोष्ट उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावची, इसवी सन 370 च्या सुमाराची. आज ते गाव अल्जीरियात आहे, सूक अहरास नावाने. टोळक्यातला एक मुलगा सोळा वर्षांचा होता. पुढच्या शिक्षणासाठी वडिलांची पैशांची जुळवाजुळव चालली होती, तोवर तो घरीच होता. हाच पुढे हिप्पोचा बिशप झाला, संत ऑगस्टिन.

397 च्या आसपास त्याने ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतलं तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखं याहून गंभीर बरंच काही होतं. जिच्याशी त्याने कधी लग्न केलं नाही आणि जिच्यापासून त्याला मुलगा झाला, त्या बाईला अनेक वर्षांच्या सहवासानंतर परत पाठवलं गेलं होतं. तेही त्याने लिहिलं. पण दुसऱ्या भागाचा मोठा हिस्सा त्याने या चार फळांना दिला, कारण या चोरीला त्याला कारणच सापडेना. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळं होती. बागवाल्याशी वैरही नव्हतं. वासनेमागे निदान प्रेमाची ओढ असते, लाचखोरामागे पैशाची. इथे गोडी होती ती फक्त करू नये ते करण्याची. आणि आणखी एक गोष्ट त्याने प्रामाणिकपणे नोंदवली: एकट्याने हे त्याच्या हातून झालं नसतं.

ख्रिस्ती धर्म पापाविषयी जे सांगतो त्याचा गाभा मला इथे सापडतो. मोडलेल्या आज्ञांची यादी केली म्हणजे पाप कळलं असं होत नाही. इच्छेलाच कुठेतरी बाक आला आहे, आणि तो शिक्षणाने, वयाने, चांगल्या घरात जन्मल्याने सरळ होत नाही. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, सातव्या अध्यायात, हीच तडफड आहे. भलं काय ते त्याला कळतं, तरी हातून भलतंच होतं. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातही फळ खाऊन होताच दोघं लपतात. देवाने विचारल्यावर आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, हव्वा सापाकडे. जमावाने एखाद्याला मारताना भोवती उभे राहून मोबाइलवर चित्रण करणारे चेहरे मी बातम्यांत पाहतो, तेव्हा हे दोन्ही अध्याय मला आजचे वाटतात.

ब्रिटनमधून रोमला आलेल्या पेलागियस नावाच्या तपस्व्याला इच्छेचा हा बाक मान्य नव्हता. माणूस दुबळाच, असं म्हणत लोक सैलावतात, याची त्याला मनापासून चीड होती. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकदही दिली, असं तो सांगे. प्रयत्नाचे धडे गिरवत वाढलेल्या आपल्याला हे लगेच पटतं. मलाही त्याच्याविषयी आदर आहे. पण ज्याची दारू सुटत नाही, शपथ घेऊन जो आठव्या दिवशी पुन्हा गुत्त्यावर जातो, त्याला पेलागियसजवळ सांगायला काय आहे? तू मनावर घेतलं नाहीस, एवढंच. ऑगस्टिन त्या माणसाशेजारी जाऊन बसू शकतो. कठोर वाटणारी ही शिकवण पडलेल्या माणसाच्या बाजूची आहे.

ऑगस्टिन इथेच थांबायला हवा होता. आदामाचा दोष जन्मासोबत येतो, म्हणून बाप्तिस्म्याविना गेलेलं तान्हं मूलही, कितीही सौम्य का होईना, पण शिक्षेला पात्र ठरतं, असा निष्कर्ष त्याने काढला. तो मला कधीच पटला नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत आदामाकडून मरण आणि दुबळेपणा येतो, त्याचा अपराध येत नाही. मला हेच न्याय्य वाटतं. अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगायला आधार आहे, असं व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने 2007 मध्ये म्हटलं. तोपर्यंत किती आया ही भीती उराशी घेऊन गेल्या असतील!

या सगळ्यात मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटतात. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. बोट ठेवावं असं काही त्यांच्या आयुष्यात शोधूनही सापडणार नाही. तरी 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनावरचं पापाचं ओझं सत्कर्मांनी हललं नाही. आपण आहोत तसे स्वीकारले गेलो आहोत हे उमगलं तेव्हा ते उतरलं. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या आणि टाकून दिलेल्या मुलींना त्यांनी जवळ केलं, तेव्हा त्या स्वतःला त्यांच्याहून वेगळ्या मातीच्या समजत नव्हत्या.

मिस्साच्या आरंभी वेदीजवळचा धर्मगुरू आणि शेवटच्या बाकावरचा माणूस एकाच तोंडाने कबुली देतात, केलेल्या पापांची आणि करायच्या राहून गेलेल्या कर्तव्यांचीही. तुमच्या ओळखीत कुणी लाजेपोटी देवळात यायचं सोडलं असेल, तर त्याला हे जाऊन सांगा. येत्या रविवारी त्याला सोबत घेऊन या.