खेळायला लॅपटॉपच का घेतला



कांद्याची लागण उरकली, आंबवणीचं पाणीही झालं. दोन-तीन दिवस जरा हात मोकळे आहेत तर राहिलेली एक नोंद लिहून टाकतो. पिकाची नाही, पण वावरातलीच आहे.

दिवाळीत टोमॅटोची शेवटची पट्टी हातात आल्यावर मी लॅपटॉप घेतला. कशाला? गेम खेळायला. वय बेचाळीस. असं सरळ सांगितलं की लोक हसतात. संध्याकाळी धाब्यावर बसतो म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं. आम्ही कॉलेजला असताना नारायणगावला तासाला वीस रुपये देऊन सायबर कॅफेत एज ऑफ एम्पायर्स खेळायचो, व्हाइस सिटी खेळायचो. ती गोडी गेली नाही. मोबाईलवर खेळून बघितलं, पण नांगर धरलेल्या बोटांना ती एवढीशी बटणं सोसत नाहीत. शिवाय दर दोन मिनिटांनी जाहिरात.

माझा पुतण्या पुण्यात असतो, स्वतः मशीन जोडतो. त्याला विचारलं तर पहिलंच वाक्य, "काका, लॅपटॉप अजिबात नको. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप लय पुढचा येईल." आणि त्याचं बरोबर आहे, हे आधी सांगून टाकतो. साठ हजारांत डेस्कटॉपला जेवढं जोरदार ग्राफिक्स कार्ड बसतं तेवढं लॅपटॉपला मिळत नाही. डेस्कटॉपचं उद्या कार्ड बदलता येतं, रॅम वाढवता येते, एक भाग गेला तर तेवढाच टाकून काम भागतं. लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डालाच चिकटवलेलं असतं, ते बदलायची सोय नाही. अंगात जागा कमी म्हणून गरम होतो, गरम झाला की स्वतःहून वेग कमी करतो. हे सगळं खरं.

पण पुतण्याने मला एक विचारलंच नाही. काका, तुम्ही खेळणार कधी आणि कुठे?

आमच्या फीडरला थ्री फेज पाळीने येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की दहा-अकराच्या पुढे विहिरीवर जावं लागतं. ऑटो स्टार्टर आहे, मोटर आपोआप सुरू होते, पण दारं आपोआप मोडत नाही. अजून माझं निम्मं रान पाटपाण्यावर आहे. एक सरी भरायला पंधरा-वीस मिनिटं. उठायचं, दारं फोडायचं, परत येऊन बसायचं. जुन्नर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको, शेजारी ऊस उभा आहे आणि उसात बिबट्या. त्यामुळे बाहेर बांधावर कुणी बसत नाही. मोटरच्या खोलीत दार लोटून बसायचं. झोपून चालत नाही, पाणी फुटून शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं की सकाळी भांडण. दिवसा सवड नसते. रात्री घरी असलो की आडवा होतो. म्हणजे वर्षात मला जो काही निवांत वेळ मिळतो तो या मोटरच्या खोलीत, पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत मिळतो. तिथे डेस्कटॉप नेऊन ठेवायचा का?

बरं, घरी ठेवायचा म्हटलं तरी आमचं घर वस्तीवर. लाईट येते-जाते, आणि आली तरी सरळ येत नाही. थ्री फेज सुरू झाली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि घरातला बल्ब लाल होतो. व्होल्टेज १७० वर आलेलं मी मीटर लावून बघितलंय. लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: इनपुट १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे १७० वर तो बिनतक्रार चालतो. डेस्कटॉपचा स्वस्तातला पॉवर सप्लाय बहुतेक २०० च्या पुढचाच धरून बनवलेला असतो. दुकानात गेलात तर ते स्टिकर उलटून वाचा. फुकट आहे.

मात्र २४० ही वरची हद्द आहे. न्यूट्रल तुटला की सिंगल फेजवर ४०० पर्यंत दाब येऊ शकतो, आणि तसा आला तर चार्जर काय नि फ्रिज काय, सगळं एका फटक्यात. म्हणून विहिरीवरच्या बोर्डाला मी लॅपटॉप लावत नाही. घरून भरून न्यायचा, संपला की बंद.

आता बॅटरीचा हिशोब. हा मला फार आवडला, कारण डिझेलच्या टाकीसारखा आहे. लॅपटॉपच्या बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेले असतात, माझी ६० ची आहे. मशीन ३० वॅट खात असेल तर दोन तास, ६० खात असेल तर एक तास. एवढंच गणित. जुना साधा गेम लावला तर अडीच तास सहज जातात. जड गेमला मी चित्राचा वेग सेकंदाला ३० फ्रेमवर बांधून ठेवतो, उजेड कमी करतो, तेव्हा दीड तासाच्या आसपास निघतात. पूर्ण ताकद सोडली तर पाऊण तासात टाकी रिकामी. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: चार्जर काढला की गेमिंग लॅपटॉप स्वतःच ताकद कमी करतो. दुकानात वायर लावून जे दाखवतात ते बॅटरीवर मिळत नाही.

डेस्कटॉपला यूपीएस लावा असं एका मित्राने सुचवलं. साध्या ६०० व्हीए यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअरची बॅटरी असते, आपल्या फवारणीच्या बॅटरी पंपात असते तसलीच. बारा सत्ते चौऱ्याऐंशी, ८४ वॅट-अवर. म्हणजे साठा लॅपटॉपपेक्षा जास्तच! पण गेम चालू असताना डेस्कटॉप आणि स्क्रीन मिळून २०० ते २५० वॅट ओढतात. दहा-पंधरा मिनिटांत खेळ खल्लास. तेवढ्यात गेम सेव्ह करून बंद करायचा, यूपीएस त्यासाठीच असतो.

आता खरेदीचं. दुकानात सगळ्यांवर तीच नावं असतात, आरटीएक्स ३०५०, आरटीएक्स ४०५०. नाव सारखं म्हणजे ताकद सारखी असं अजिबात नाही. लॅपटॉपमधला ३०५० हा ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कसाही बसवलेला असतो. प्लेटवर पाच एचपी लिहिलेल्या दोन मोटरी घ्या, एक पाणी फेकते, एक नुसती गुणगुणते, तसं. नुसतं कार्डाचं नाव विचारू नका, किती वॅटचं बसवलंय ते विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या साईटवर मॉडेल नंबर टाकून बघा. मी माझ्या कामापुरता मधला घेतला, कारण बॅटरीवर बसून मला ८० वॅट जाळायचेच नाहीत.

रॅम १६ जीबी घ्या. ८ मध्ये विंडोजच निम्मी खाते. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डाला झाळलेली असते, नंतर वाढवता येत नाही, तेही आधी विचारायचं. आणि फक्त जुने, हलके गेम खेळायचे असतील तर वेगळं कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप घ्यायचीच गरज नाही. आजकालच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर एज ऑफ एम्पायर्स दोनची नवी आवृत्ती, स्टारड्यू व्हॅली, असले गेम मजेत चालतात. दहा-पंधरा हजार वाचतील, वजनही कमी. अशा मशीनला रॅमच्या दोन पट्ट्या असलेल्या बऱ्या, एकच मोठी असण्यापेक्षा, कारण आतलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं.

मी थोडा वरचा घेतला तो एका गेमसाठी. सांगायची लाज वाटते थोडी. फार्मिंग सिम्युलेटर २२.

घरातून लगेच प्रश्न आला, "अहो, दिवसभर तेच आणि रात्री पण तेच?" काय सांगणार. पण त्यात ऊस आहे, आणि तोडला की परत फुटतो, खोडवा धरल्यासारखा. ज्वारी आहे, द्राक्षं आहेत. टोमॅटो ग्रीनहाऊसमध्ये येतो आणि त्याला नुसतं पाणी द्यायचं! ना करपा, ना टुटा, ना कॅरेट भरायला माणसं शोधायची. जगातले नावाजलेले ट्रॅक्टर त्यात आहेत, ज्यांच्या टायरची किंमत माझ्याच्याने होणार नाही. मालाचे भाव तिथेही महिन्यागणिक वर-खाली होतात, पण माल कोठारात ठेवून थांबता येतं. टोमॅटो कुणी ठेवून दाखवावा.

गेम उतरवून घ्यायचा तर तो पस्तीस-चाळीस जीबीचा. आमच्या वस्तीवर मोबाईलचं रोजचं दीड-दोन जीबी, तेही रेंज असली तर. महिना गेला असता. मी लॅपटॉप सॅकमध्ये टाकला, पुतण्याकडे पुण्याला एक मुक्काम केला, त्याच्या वायफायवर सगळं उतरवलं. स्टीमला ऑफलाइन मोड असतो, एकदा सुरू करून घेतला की विहिरीवर नेट लागत नाही. डेस्कटॉप एसटीत घालून नेला असता का? पुतण्या हसला. म्हणाला, "काका, हे मी धरलंच नव्हतं."

जपायचं म्हणाल तर दोन शत्रू, धूळ आणि दहिवर. मळणीच्या दिवसांत लॅपटॉप बाहेर काढायचाच नाही, भुसा थेट पंख्यात जातो. मी दोन महिन्यांनी ब्रशने जाळी साफ करतो. हवा मारायची असेल तर पंख्याचं पातं काडीने धरून मारा, मोकळा गरगर फिरू देऊ नका. मांडीवर, गोधडीवर ठेवून खेळू नका, खालून हवा घेतो तो. मी कॅरेट पालथं घालतो, जाळीदार असतं, उंचीही बरोबर येते. पहाटे गार लॅपटॉप घरात आणला की लगेच चालू करत नाही, अर्धा तास सॅकमध्येच राहू देतो.

आणि हेडफोन रात्री वावरात लावायचा नाही. आवाज बारीक ठेवून स्पीकरवर. कुत्रं कसं भुंकतंय याकडे कान असला पाहिजे. नेहमीचं भुंकणं वेगळं आणि दाराशी येऊन अंग चोरून केविलवाणं करतं ते वेगळं. तसं झालं की मी गेम थांबवतो, बॅटरी आणि काठी घेतो, आधी खोलीतूनच डबा वाजवतो, मग थांबून बाहेर बघतो. ती सरी वाहून गेली तर गेली.

डेस्कटॉप कुणी घ्यावा? ज्याचं घर गावठाणात आहे, लाईट बरी आहे, एक खोली नि टेबल ठरलेलं आहे, घरात मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर आहे, त्याने खुशाल घ्यावा. पैशाला जास्त खेळ मिळेल. माझ्या चुलतभावाने तसाच घेतला, रविवारी त्याच्याकडे मोठ्या स्क्रीनवर बघितलं की जीव जळतो थोडा.

आमच्या घरात मात्र होकार मिळाला तो यातल्या एकाही कारणाने मिळाला नाही. व्होल्टेज आणि वॅट-अवर मी पुष्कळ समजावले. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरीला लागेल का तो?" पोरगी बारावीला आहे. सीईटीचे सराव पेपर ती आता त्यावरच सोडवते, दिवसा तिचा, रात्री माझा. रात्रपाळीच्या आठवड्यात मी बॅटरी संपवून आणतो आणि सकाळी तिला पेपर सोडवायच्या वेळी लाईट नसते, यावरून दोनदा बोलणी खाल्लीत. आता ठरलंय, निम्मी बॅटरी उरली की मी थांबायचं. म्हणजे माझा खेळ पाऊण तासावर आला. उरलेली रात्र पूर्वीसारखीच, बिडीवाल्या शेजाऱ्याशी फोनवर गप्पा.

मार्क नीट पडले तर पावसाळ्यात ती पुण्याला जाईल, आणि लॅपटॉप तिच्यासोबत जाईल. ते बोलणं घेतानाच झालंय. तोवर माझा तिथला ऊस तोडणीला येतो का बघू. सेव्ह फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवलीय.